दोन तिकिटं, एक प्रवास: साडेसात हजार वाचवायला गेलो आणि ऐंशी हजार घालवून बसलो



परदेशी प्रदर्शनांवरचा मागचा व्हिडिओ पाहून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, नागपूरहून थेट परदेशाचं तिकीट महाग पडतं. मुंबई किंवा दिल्लीपर्यंतचं वेगळं काढलं आणि तिथून पुढचं वेगळं काढलं, तर स्वस्त मिळतं. काढायचं का?"

याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. हा हिशोबाचा प्रश्न आहे, आणि हा हिशोब मी स्वतः एकदा चुकवला आहे. म्हणून आधी माझं सांगतो.

माझी चूक

गोष्ट २०२४ च्या जानेवारीतली. जर्मनीत फ्रँकफर्टला अँबिएंटे नावाचं घरगुती आणि शोभेच्या वस्तूंचं खूप मोठं प्रदर्शन भरतं. त्या वर्षी ते २६ ते ३० जानेवारी असं होतं. मी स्टॉल घेतला नव्हता, बघायला आणि भेटीगाठींसाठी निघालो होतो. बॅगेत चामोर्शी तालुक्यातल्या बांबूकाम करणाऱ्या तायांचे १४ नमुने होते. लॅम्पशेड, ट्रे, झाकणाच्या टोपल्या. एका खरेदीदाराने ईमेलवर २६ तारखेची सकाळी ११ ची वेळ दिली होती.

नागपूर-दिल्ली-फ्रँकफर्ट जाऊन-येऊन असं एकत्र तिकीट ७८,४०० रुपयांना मिळत होतं. मी फोड केली. दिल्ली-फ्रँकफर्ट ६२,३०० आणि नागपूर-दिल्ली ८,६००, म्हणजे ७०,९००. साडेसात हजार वाचले! बीबीए केलेला माणूस, स्वतःवरच खूश.

२५ तारखेला पहाटे ३ वाजता चंद्रपूरहून निघालो. वरोरा, जाम, बुटीबोरी करत सहाच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर. विमान ७:४० चं, दिल्लीला ९:२५ ला पोहोचणार. पुढचं विमान दुपारी १:५० ला. मध्ये जवळजवळ साडेचार तास. मला वाटलं, भरपूर आहेत.

आठ वाजता सांगितलं, दिल्लीत धुकं आहे, विमान उशिरा सुटेल. बरं, नुसतं धुकं असतं तरी निभावलं असतं. पण प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी त्या वर्षी १९ ते २६ जानेवारी रोज सकाळी १०:२० ते दुपारी १२:४५ दिल्लीत विमानांची ये-जा बंद ठेवली होती. ही माहिती आधीच जाहीर झालेली होती, मीच वाचली नव्हती. नागपूरहून दिल्लीला पावणेदोन तास लागतात. साडेआठपर्यंत उड्डाण झालं नाही, तेव्हा सरळ पाऊणनंतरच उतरणार हे ठरलं.

१:०५ ला टर्मिनल १ वर उतरलो. पट्ट्यावरून बॅग यायला अर्धा तास. तिथून टॅक्सीने टर्मिनल ३ वर पोहोचेपर्यंत दोन वाजून गेले. विमान तर गेलंच होतं, आणि चेक-इन काउंटर त्याच्याही एक तास आधी बंद झाला होता.

पहिल्या कंपनीने सांगितलं, "आमचं तिकीट दिल्लीपर्यंतचं होतं, तुम्हाला दिल्लीला पोहोचवलं." दुसऱ्या कंपनीने सांगितलं, "तुम्ही आलाच नाहीत, तिकीट नो-शो झालं." शिवाय जाण्याचा टप्पा वापरला नाही म्हणून परतीचा टप्पाही रद्द. मला राग आला, पण नियमाने दोघंही बरोबर होते. प्रवास एक आहे असं फक्त मलाच वाटत होतं. त्यांच्या लेखी माझे दोन वेगळे प्रवास होते.

हिशोब असा झाला:

- दुसऱ्या दिवशीचं नवीन जाऊन-येऊन तिकीट: ६६,०००
- दिल्लीत एक रात्र: ३,२००
- टॅक्सी आणि जेवण: १,४००
- फ्रँकफर्टच्या हॉटेलची वाया गेलेली रात्र: ९,४००
- एकूण: ८०,०००

२६ ला दुपारी निघालो, तिथल्या संध्याकाळी पोहोचलो. ११ ची भेट गेली. त्या भेटीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

वेगळं बुकिंग म्हणजे काय? एसटीवरून समजून घ्या

सिरोंच्याहून आलापल्लीला येणारी एसटी उशिरा आली, तर आलापल्लीहून चंद्रपूरला जाणारी गाडी थांबते का? नाही थांबत. आधीच्या गाडीचं तिकीट दाखवून पुढच्या गाडीत फुकट बसता येतं का? तेही नाही. ही झाली दोन वेगळी तिकिटं.

विमानात मात्र एक सोय आहे. सगळे टप्पे एकाच पीएनआरवर, एकाच तिकिटात घेतले, तर तुम्हाला शेवटच्या गावापर्यंत नेण्याची जबाबदारी कंपनीवर येते. पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं हुकलं, तर पुढच्या विमानात जागा देणं हे त्यांचं काम. बॅग सहसा थेट शेवटपर्यंत जाते. वजनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रवासाची लागू होते. आंतरराष्ट्रीय प्रवासातल्या उशिराने झालेल्या नुकसानीबद्दल १९९९ चा मॉन्ट्रियल करार आहे आणि भारत त्यात २००९ पासून आहे.

वेगवेगळी तिकिटं घेतली की दोन विमानांच्या मधल्या फटीची जबाबदारी तुमच्यावर. आपण जे पैसे वाचवतो, ते ही जोखीम अंगावर घेण्याचे असतात. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही स्वतःच विमा कंपनी झालात आणि साडेसात हजारांचा हप्ता स्वतःच्याच खिशात टाकलात. अपघात झाला तर भरपाईही स्वतःच्याच खिशातून द्यायची.

एक सावधगिरी. तिकिटाच्या वेबसाइटवर एकाच पानावर, एकाच किमतीत दोन विमानं दिसली म्हणजे ते एक तिकीट आहे असं समजू नका. पैसे भरायच्या आधी बघा, पीएनआर किती मिळणार आहेत? "सेल्फ ट्रान्सफर" असं लिहिलंय का? मध्ये बॅग घेऊन पुन्हा जमा करा, असं कुठे बारीक अक्षरात आहे का? यातलं एक जरी असलं, तर ती वेगळी तिकिटं आहेत.

मग कधीच घ्यायची नाहीत का?

घ्यायची, पण कॉस्टिंग करून. दोन आकडे लिहा. एक, वाचणारे पैसे. दोन, विमान हुकलं तर जाणारे पैसे.

माझ्या बाबतीत वाचणारे ७,५०० आणि जाणारे ८०,०००. म्हणजे दहा फेऱ्या सुरळीत झाल्या तर ७५ हजार वाचणार आणि अकराव्या फेरीत ते सगळे जाऊन वर पाच हजार लागणार. जानेवारीत, सकाळच्या वेळी, दिल्लीमार्गे जाताना अकरात एकदा हुकणं ही फार मोठी गोष्ट आहे का? अजिबात नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मोठी कंपनी वर्षाला शंभर फेऱ्या करते, तिचं सरासरीत निघून जातं. आपण दोन-तीन वर्षांत एकदा जातो. पहिल्याच फेरीत फटका बसला तर आपल्याकडे सरासरी काढायला पुढच्या फेऱ्या नसतात. खेळतं भांडवलच जातं. म्हणून माझा साधा नियम आहे: नवीन तिकीट पुन्हा पूर्ण किमतीत घ्यायची वेळ आली तर ते पैसे धंद्याला धक्का न लावता देता येतील का? नसतील, तर वेगळी तिकिटं घेऊ नका.

फरक खूप मोठा असेल, मध्ये भरपूर वेळ असेल आणि पोहोचायला एखादा दिवस मागेपुढे चालत असेल, तर वेगळी तिकिटं जरूर घ्या. प्रदर्शनाचा पहिला दिवस किंवा ठरलेली भेट गाठायची असेल, तर जाताना एक तिकीटच बरं.

आपल्या भागातून रस्ते कोणते?

आपली पहिली जोडणी विमानतळावर सुरू होत नाही, घरून होते. चंद्रपूर-नागपूर दीडशे किलोमीटर. गडचिरोलीहून आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत नागपूर. गडचिरोलीकरांना रेल्वे हवी तर आधी वडसा गाठायचं. ही एसटी, रेल्वे किंवा भाड्याची गाडी हेसुद्धा एक वेगळं बुकिंगच आहे. गाडी पंक्चर झाली म्हणून विमान थांबत नाही.

*नागपूरहून थेट बाहेर:* नागपूरहून दोहा आणि शारजा इथे थेट विमानं जात आली आहेत. दोह्यामार्गे युरोप एकाच तिकिटात घेतलं तर दिल्ली-मुंबईची भानगडच नाही. बुकिंगच्या वेळी सध्याचं वेळापत्रक बघा आणि किंमत आधी इथली काढा, मग बाकीच्या मार्गांशी तुलना करा.

*मुंबईमार्गे:* इथे नीट लक्ष द्या. सहारला टर्मिनल २, सांताक्रूझला टर्मिनल १. दोघांच्या मध्ये रस्त्याने जावं लागतं, आणि मुंबईचं ट्रॅफिक तुम्हाला माहीत आहे. त्यात डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं आहे. नागपूरहून स्वस्त तिकीट मिळालं म्हणून घेतलं, ते उतरलं नवी मुंबईला आणि पुढचं विमान सहारहून, तर मध्ये अख्खं शहर पार करायचं. तिकिटावर फक्त "मुंबई" वाचू नका. विमानतळ आणि टर्मिनल दोन्ही वाचा.

*दिल्लीमार्गे:* डिसेंबर-जानेवारीत धुकं धरूनच चाला. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास हवाई वाहतुकीवर काही निर्बंध आहेत का ते बघा.

*हैदराबादमार्गे:* हा पर्याय आपण विसरतो. बल्लारपूरहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या आहेत. सिरोंच्याच्या माणसाला तर गोदावरीचा पूल ओलांडला की नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ. शमशाबादच्या विमानतळावर देशी आणि आंतरराष्ट्रीय दोन्ही विमानं एकाच टर्मिनलवर. आदल्या दिवशी रेल्वेने जाऊन तिथूनच थेट आंतरराष्ट्रीय विमान पकडलं, तर एक विमान आणि एक जोडणी कमी होते.

*चीनला मशीन बघायला जाणारे:* ग्वांगझूचा कँटन फेअर १९५७ पासून भरतो, वर्षातून दोनदा, १५ एप्रिल आणि १५ ऑक्टोबरपासून. इंडिगोने २६ ऑक्टोबर २०२५ पासून कोलकाता-ग्वांगझू विमान सुरू केलं. त्यामुळे नागपूर-कोलकाता-ग्वांगझू एकाच पीएनआरवर मिळतं का ते आधी विचारा. बरेच व्यापारी स्वस्त पडतं म्हणून बँकॉकमार्गे वेगळी तिकिटं काढतात. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, शहराच्या दोन वेगळ्या दिशांना. स्वस्त कंपन्यांची विमानं बऱ्याचदा डॉन मुआंगवरून असतात.

व्हिसाचा खड्डा

वेगळ्या तिकिटांत सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. कारण साधं आहे. मधल्या देशात बॅग परत घ्यायची तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं. बाहेर यायचं म्हणजे त्या देशात प्रवेश करायचा, आणि त्यासाठी सहसा त्या देशाचा व्हिसा लागतो.

उदाहरण घ्या. नागपूर-शारजा एक तिकीट, दुबईहून पुढे दुसरं तिकीट. नकाशावर शारजा आणि दुबई शेजारी दिसतात. पण शारजा विमानतळावरून दुबई विमानतळावर जायचं म्हणजे अमिरातीत प्रवेश करायचा. व्हिसा नसेल, तर काउंटरवर तुम्हाला नागपूरलाच थांबवतील.

अमेरिकेत तर एका तिकिटावर फक्त विमान बदलायचं असलं तरी आपल्याला व्हिसा लागतो. ब्रिटनमध्येही भारतीय पासपोर्टला, काही सवलती सोडल्या तर, ट्रान्झिट व्हिसा लागतो. हे नियम सारखे बदलतात. म्हणून व्हिडिओवर, एजंटवर किंवा माझ्यावरही विसंबू नका. बुकिंगच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर बघा आणि प्रवासाच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा बघा.

बॅग आणि नमुने

देशातल्या स्वस्त तिकिटावर सहसा १५ किलोची बॅग चालते. आंतरराष्ट्रीय तिकिटावर २३ किंवा ३० किलो. एका पीएनआरवर नागपूरपासूनच आंतरराष्ट्रीय मर्यादा मिळते. वेगळ्या तिकिटावर नागपूरला जादा वजनाचे पैसे भरा. नमुने घेऊन जाणाऱ्या माणसाला हा फरक चांगलाच जाणवतो, तो कॉस्टिंगमध्ये धरा.

कधी कधी काउंटरवरचा माणूस वेगळ्या तिकिटांवरही बॅग थेट पाठवून देतो. दोन कंपन्यांमध्ये तसा करार असेल तरच. विचारायला हरकत नाही, पण "देतीलच" असं धरून वेळ आखू नका.

आणि तीन-चार उत्तम नमुने हातातल्या बॅगेतच ठेवा. मोठी बॅग मागे राहिली तरी भेट तर होईल.

परत येताना एक लक्षात ठेवा. भारतात पहिल्यांदा जिथे उतराल तिथे कस्टमसाठी बॅग घ्यावी लागते, एकच तिकीट असलं तरी. नंतर ती नागपूरच्या विमानासाठी पुन्हा जमा करायची. त्यामुळे परतीलाही मध्ये वेळ ठेवा.

मध्ये किती वेळ ठेवायचा? भामरागडचा नियम

पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की भामरागडचा संपर्क तुटतो. त्यामुळे ज्याची दुसऱ्या दिवशी गडचिरोलीत तारीख किंवा परीक्षा असते, तो भामरागडचा माणूस आदल्या दिवशीच नदी ओलांडून घेतो. सकाळी पाणी उतरेल या आशेवर बसत नाही. विमानाच्या बाबतीत हीच अक्कल मला बीबीएत कुणी शिकवली नव्हती.

मी आता असं करतो:

- एकच विमानतळ, एकच टर्मिनल असेल: मध्ये किमान ६ तास.
- टर्मिनल बदलत असेल: किमान ८ तास.
- विमानतळ बदलत असेल, दिल्लीतलं धुकं असेल किंवा मुंबईतला जुलैचा पाऊस असेल: आदल्या दिवशी जाऊन मुक्काम.
- पहिलं विमान असं निवडायचं की ते रद्द झालं तरी त्या दिवशी त्या मार्गावर आणखी एखादं विमान असेल. दिवसाचं शेवटचं विमान कधीच नाही.
- मुंबई असेल तर नागपूरहून रात्रीची दुरांतो किंवा विदर्भ एक्स्प्रेस हा पर्याय डोक्यात ठेवायचा. जून २०२५ पासून समृद्धी महामार्गही पूर्ण सुरू आहे.

मुक्कामाचे दोन-तीन हजार हा खर्च वाटतो. पण तो वाचणाऱ्या पैशांतून वजा करून मगच म्हणा, किती वाचले ते.

काही गोष्टी कुणाच्याच हातात नसतात. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशात एकाच दिवशी हजारावर विमानं रद्द झाली. जून २०२५ मध्ये कतारची हवाई हद्द काही तास बंद झाली. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हद्द भारतीय कंपन्यांना बंद झाली आणि त्यांची दिल्लीहून युरोपला जाणारी विमानं जास्त वेळ घ्यायला लागली. अशा वेळी एका तिकिटावरच्या माणसाला कंपनीच्या रांगेत उभं राहावं लागतं. दोन तिकिटांवरचा माणूस खिशात हात घालतो.

उशीर होतोय असं दिसलं तर

माझी खरी चूक स्वस्त तिकीट घेणं ही नव्हती. सकाळी साडेआठला नागपुरात मला दिसत होतं की गणित जमत नाही. दुसऱ्या कंपनीला फोन करायला माझ्याकडे पाच तास होते. सुटण्याआधी तारीख बदलून घेतली असती, तर त्या तिकिटावर दंड आणि भाड्यातला फरक मिळून १८ हजारांच्या आसपास लागले असते, असं नंतर कळलं. पण मी "पोहोचू, पोहोचू" करत बसलो. विमान सुटल्यावर तिकिटाची किंमत शून्य.

म्हणून:

१. विमान हुकणार असं दिसताच, सुटण्याआधी, दुसऱ्या कंपनीला फोन करा. दंड भरा, पण तिकीट जिवंत ठेवा.
२. परतीचा टप्पा रद्द होऊ नये म्हणून काय करावं लागेल हे स्पष्ट विचारा, लेखी घ्या.
३. पहिल्या कंपनीकडून उशिराचं पत्र किंवा ईमेल मागा. विम्याच्या दाव्याला लागतं.
४. विमा काढतानाच वाचा, "मिस्ड कनेक्शन" वेगळ्या तिकिटांना लागू आहे का? बऱ्याच पॉलिसीत नसतं, किंवा मध्ये ठरावीक तास असावे लागतात.
५. नो-शो झालंच तर सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मागा. फार नसतात, पण तुमचे आहेत.
६. ज्याला भेटायचं आहे त्याला लगेच कळवा. पोहोचल्यावर माफी मागण्यापेक्षा आधी कळवलेलं बरं.

आणि त्या भेटीचं काय झालं?

२८ तारखेला तो खरेदीदार दहा मिनिटं भेटला. नमुने हातात घेतले, विणकाम बघितलं, चांगलं आहे म्हणाला. पण त्या वस्तूंची त्याची खरेदी पहिल्या दोन दिवसांत दुसरीकडे ठरून गेली होती. कार्ड घेतलं. ऑर्डर आली नाही.

परत आल्यावर नमुने द्यायला चामोर्शीकडे गेलो. एक ताई टोपली उलटसुलट करून बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, कुठं कमी पडलं? आम्ही पुढच्या वेळेस सुधारू."

मी म्हणालो, "ताई, तुमच्या कामात काही कमी नाही. मी तिकीट काढायला चुकलो."

हे वाक्य बोलायला मला ऐंशी हजारांपेक्षा जड गेलं. आपण जेव्हा दुसऱ्याचा माल घेऊन निघतो, तेव्हा तिकिटातली जोखीम आपल्या एकट्याची राहत नाही. पैसे वाचले तर आपले, आणि संधी गेली तर त्यांची.

या आठवड्याचा गृहपाठ: तुम्हाला जायचंय असं एक प्रदर्शन निवडा. घरापासून तिथल्या हॉलच्या दारापर्यंतचे सगळे टप्पे एका कागदावर लिहा, एसटी धरून. प्रत्येक दोन टप्प्यांच्या मध्ये लिहा: हे हुकलं तर जबाबदारी कुणाची? जिथे जिथे "माझी" असं उत्तर येईल, तिथे समोर वेळ आणि पैसे लिहा. मग किंमत बघा. तो कागद समोर ठेवूनच तिकीट काढा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा आणि नदी आदल्या दिवशीच ओलांडा!